खांद्याला बसेल तीच दुनळी

आमच्या काकांची आडवी दुनळी एके काळी सिन्नरकडच्या माळांवर तितर-लाव्यांमागे हिंडलेली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काकांनी शिकार सोडली. परवान्यावर लहान पक्षी मारायची जी फट उरली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. बंदूक तेवढी नाशिक रोडच्या घरात राहिली. निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जमा करायची, आटोपल्या की घरी आणायची. तिच्या नळ्या पुसत, तेल देत मी वाढले. म्हणून मला ट्रॅप, म्हणजे उडत्या चकत्यांवरची नेमबाजी, खेळायचं आहे हे ऐकल्यावर सगळ्यांनी काकांचीच बंदूक पुढे केली. नको म्हणाले ते काकाच.

त्यांचं कारण पक्कं होतं. ती बंदूक जुनी, तिच्या नळीतली काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची. आजचं काडतूस ७० चं. न उडालेलं काडतूस आत छान बसतं, फसवणूक तिथेच होते. बार झाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. "पोरी, ही आता भिंतीवरच शोभते. तू वरखाली नळ्यांची घे," असं त्यांनी सांगून टाकलं.

वरखाली नळ्यांची, म्हणजे ओव्हर-अंडर. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने आयुष्याच्या शेवटी हिच्यावरच काम केलं. १९२६ साली बेल्जियममध्ये तो वारला आणि त्याची 'सुपरपोझ्ड' १९३१ मध्ये बाजारात आली. आडव्या दुनळीत नजरेसमोर दोन नळ्यांची रुंद पाठ येते. हिच्यात एकच अरुंद पट्टी दिसते, त्यामुळे उडतं लक्ष्य झाकलं जात नाही. शिवाय पहिला बार खालच्या नळीचा. ती नळी खांद्याच्या रेषेजवळ असल्याने धक्का सरळ मागे येतो, तोंड फारसं उसळत नाही, आणि दुसऱ्या बाराला नजर जागेवर सापडते.

परवाना मी खेळाडू म्हणून पोलीस आयुक्तालयातून काढला. परदेशी बंदूक थेट मागवायची मुभा ठरावीक दर्जाचे गुण मिळवलेल्या नेमबाजांना असते. नवख्याने एखाद्या जुन्या परवानाधारकाकडून वापरलेली घ्यायची, हाच आपल्याकडचा रुळलेला रस्ता. माझ्यासमोर दोन आल्या, दोन्ही इटालियन, दोन्ही बारा बोअर. एक शिकारीच्या घडणीची : २८ इंची नळ्या, वजन तीन किलोच्या आसपास, बाजूच्या पत्र्यावर उडणारे पक्षी कोरलेले. दुसरी ट्रॅपची : ३० इंची नळ्या, साडेतीन किलोच्या पुढे, अंगावर एक नक्षी नाही.

काका माझ्यासोबत आले होते. त्यांचा हात आपोआप पहिलीकडे गेला. माळावर दिवसभर बंदूक वागवायची तर ती हलकीच हवी. तितर आधी पळतं, अगदी नाइलाज झाला तरच उडतं. लावा तर पायाखालूनच भर्रकन उठतो. तिथे बंदूक चटकन खांद्याला यावी लागते आणि छर्रे लवकर पसरावे लागतात, म्हणून नळीचं तोंड मोकळं ठेवायचं. पण अशा शिकारीत दिवसाकाठी मोजकेच बार व्हायचे. ट्रॅपमध्ये एका फेरीत २५ चकत्या, प्रत्येकीवर दोन बारांची मुभा. स्पर्धेत अशा पाच फेऱ्या. हलक्या बंदुकीचा धक्का इतके बार सोसल्यावर खांदा सांगतो. जड बंदूक तो धक्का स्वतःच गिळते आणि एकदा फिरू लागली की मध्येच थबकत नाही.

चकती ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची. मातीची म्हणतात, पण ती असते चुनखडीची भुकटी आणि डांबरासारख्या पदार्थाची. नेमबाजापुढे १५ मीटरवरच्या खंदकातून ती निघते ती दूर आणि वर जात. म्हणून ट्रॅपची बंदूक मुद्दाम किंचित वर मारणारी घडवतात. चकती झाकावी न लागता छर्‍यांचा मोठा भाग तिच्यावर जातो. नळीचं तोंडही आवळलेलं असतं, कारण काडतुसात छर्रे फक्त २४ ग्रॅम आणि चकती क्षणात लांब गेलेली.

इतकं सगळं ठरल्यावरही खरी परीक्षा उरली होती. काकांनी दोन्ही बंदुका उघडून नळ्या रिकाम्या असल्याचं मला दाखवलं, मग मला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली. गाल दस्त्यावर टेकव, आता डोळे उघड. पहिल्या बंदुकीत मला नळ्यांचं बूडच दिसलं, पट्टी गायब. दस्त्याचा माथा माझ्या गालाला खाली पडत होता आणि लांबी माझ्या हाताला जास्त होती. तयार दस्ते सहसा पुरुषांच्या मापाचे असतात; बाईची मान, गालाचं हाड, खांद्याचा खोलगा वेगळा. दुसरीचा माथा किल्लीने वरखाली होणारा होता. तो थोडा उचलला, आणि डोळा उघडताच पट्टी सरळ समोर आली. रायफलमध्ये नेम धरायला वेळ मिळतो. इथे नजर चकतीवरच ठेवायची असते, आणि मागच्या माशीचं काम तुमचा डोळाच करतो. गाल दरवेळी एकाच जागी बसला नाही तर छर्रे कुठे जातील याचा भरवसा नाही.

मग काकांनी पुढची लाकडी पकड काढली, बंदूक मिटून नळ्या हलवल्या. सांधा खुळखुळला नाही. नळ्या उजेडाकडे धरून आतली वर्तुळं पाहिली. पोचा पडला असता तर ती तिथे मोडलेली दिसली असती. चांदमारीवर कागद लावून दोन्ही नळ्यांचे बार एकाच जागी पडतात का, तेही पाहिलं. नक्षीवाली महाग होती आणि दिसायलाही देखणी होती. मी साधी घेतली.

शिकारीकडून चकत्यांकडे येणं आपल्याकडे नवं नाही. बिकानेरच्या करणी सिंगांच्या घराण्यात पक्ष्यांच्या शिकारीची मोठी परंपरा. त्यांनीच १९६२ मध्ये कैरोला जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्यपदक मिळवलं, आणि दिल्लीतल्या तुघलकाबादच्या मैदानाला आज त्यांचं नाव आहे. उडत्या पक्ष्यावर पोसलेली विद्या एकाही पक्ष्याला न मारता जिवंत राहू शकते, याचा मला मनापासून आनंद आहे. सिन्नरच्या माळावर तितर ओरडतं ते ऐकायला काका आजही पहाटे जातात, रिकाम्या हातांनी.

तुमच्या घरात आजोबांची दुनळी असेल तर दोन गोष्टी करा. परवानाधारक वारला असेल, सत्तरी ओलांडलेला असेल किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षांहून जास्त असेल, तर कायदेशीर वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. तो अर्ज वेळेत करा. आणि जाणत्या कारागिराने नळीतली जागा मोजून दिल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नका. नवी घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावून पाहा. डोळे उघडल्यावर पट्टी सरळ दिसली नाही, तर ती बंदूक कितीही नामांकित असो, परत द्या.