सरकारी रान आणि कोल्हा

श्रीवर्धन, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. माधव यास,

अमेरिकेत अनेक राज्यांतील सरकारी माळांवर कायोटी नावाचा कोल्ह्याचा भाऊबंद बारा महिने मारता येतो, मग आपल्या वाडीतल्या कोंबड्या उचलणाऱ्या कोल्ह्यांसाठी गडग्यापलीकडच्या सरकारी रानात गड्याने चार फासक्या लावल्या तर बिघडले कोठे, असे तू विचारले आहेस. प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

शिकार आपल्या मुलखाला नवी नाही. १९४८ पावेतो श्रीवर्धन जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या अमलाखाली होते, आणि मुरुड-रोह्याकडील फणसाडचे अरण्य ही त्यांची राखीव शिकारगाह होती. संस्थान विलीन झाले, आणि १९८६ साली त्याच रानाचे अभयारण्य झाले. म्हणजे नवाबाचा शिकारीचा हक्क रयतेत वाटला गेला नाही, तो संपुष्टातच आला, आणि ही गोष्ट मी आपल्या राज्याची पुण्याई मानतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रारंभी परवान्याने शिकारीस वाव होता, तो १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकला. २०२२ च्या दुरुस्तीने तर कोल्हा वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत जाऊन बसला. फासकी लावणे हीही कायद्याने शिकारच, मग जमीन सरकारची असो वा आपल्या सातबाऱ्यावरची.

पण कायद्याचा धाक बाजूस ठेवला तरी माझे मत बदलत नाही. तारेच्या फासाला सावज ओळखता येत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत कोकणात किती बिबळे तडफडून मेले आहेत! आणि ज्या कोल्ह्याच्या जिवावर आपण उठलो आहोत तो नारळ-सुपारीची नासाडी करणारे उंदीर खातो, खेकडे खातो, मेलेले जनावर साफ करतो. तो उपद्रव करीत नाही असे मात्र मी म्हणत नाही. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला कासविणींची अंडी कोल्हेकुत्री उकरून खात. तेथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकरी यांनी ती अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपणाच्या आत पुरली, पिले निघाली की समुद्राकडे सोडली, आणि त्यासाठी एकाही कोल्ह्याचा जीव घ्यावा लागला नाही. उलट तुझ्या अमेरिकेत शतकभर विष, सापळे आणि बंदुका चालल्या, पण लांडगे निःशेष झाल्याने मोकळा मुलूख मिळालेला कायोटी पश्चिमेच्या माळांवरून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पोचला.

तेव्हा खुराडे घराजवळ आणून त्यास भक्कम जाळी मारावी, कोंबड्या दिवेलागणीपूर्वी कोंडाव्यात, आणि मासळीची घाण गडग्यापाशी टाकण्याची सवय बंद करावी. जाळीचा खर्च मी देतो. गड्याने तार विकत आणून ठेवली आहे, ती त्याने माझ्या हवाली करावी असे तू स्वतः त्यास फोनवर सांग. मालकाचा शब्द तो मोडणार नाही.

तुझा,
काका