आमचा पहिला चष्मा

भवानी पेठेंत राहून शाळेंत जात असतां आम्हांस फळ्यावरील अक्षरें पुसट दिसत. मुलें चिडवितील या भयानें तें आम्ही घरीं सांगितलें नाहीं. शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेत असूं व आळशी म्हणवून घेत असूं.

पुढें विद्याभ्यासार्थ लंडनास गेलों. तेथें नेत्रपरीक्षकांनीं स्नेलेन नामक डच वैद्यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केलेला, खालीं खालीं बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता दाखविला. तिसऱ्या ओळीशींच आम्ही अडलों व लज्जित झालों. "दिसेल तेवढेंच सांगा, येथें कोणी नापास होत नाहीं," असें ते म्हणाले. दोष लघुदृष्टीचा निघाला. त्यास अंतर्गोल भिंगांचा उपाय. त्या देशीं १६ वर्षांखालील मुलांची नेत्रपरीक्षा सरकारी खर्चानें होते, हेंही तेथेंच समजलें.

चष्मा लावून बाहेर येतों तों झाडाचें पान अन् पान निराळें दिसूं लागलें! आनंद झाला आणि आई आठवली. सुईंत दोरा ओवावयास ती आम्हांस हांक मारी. तिचे डोळे तरी कोणी तपासले होते? सुटींत घरीं येतांच प्रथम तिला चाळिशी करून दिली. त्या रात्रीं तिनें स्वतः दोरा ओवला.

बालमित्रहो, फळा दिसत नसेल तर आजच घरीं सांगा. आणि आईलाही विचारा.