नमुन्याचे झबले

शिलाई मशीनच्या दुकानात गिऱ्हाईक येते ते पाटी वाचून कमी आणि दारातल्या तारेवर टांगलेले कपडे बघून जास्त. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या अशा दुकानात मशिने आत भिंतीला लागून ओळीने असतात: काळे अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, ओतीव लोखंडाचा स्टँड, वर लाकडी पाट. रस्त्यावरून मात्र दिसतात ती झबली-टोपरी, झालरीचा फ्रॉक, पिको केलेला पदर आणि मधोमध एखादी खणाची कुंची. हे नमुने बहुतेक वेळा दुकानातच शिवलेले असतात, मालकाच्या घरातल्या कुणीतरी किंवा तिथेच शिवण शिकलेल्या एखादीने. मशीन घ्यायला आलेली जाणती बाई आधी झबले उलटे करते. आतली शिवण बघते, टीप सरळ आहे का, टोकाशी दोरा पक्का केला आहे का ते पाहते आणि मगच मशीनच्या चाकाला हात लावते. दुकानाची पत त्या उलट्या बाजूवर ठरते.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा रिळावरून, ताणाच्या चकत्यांमधून सुईत येतो. खालचा बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर उचलली जाते, तेव्हा वरच्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. मग खालचे दाते कापड एक टाका पुढे सरकवतात. दोन्ही ताण जुळले की गाठ कापडाच्या पोटात बसते आणि टीप दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. हाताच्या सुईचे नेढे मागे असते, मशीनच्या सुईचे टोकाशी. सगळी करामत या बदलावर उभी आहे. अमेरिकेत एलियस होवे यांनी १८४६ मध्ये टोकाशी नेढे असलेल्या सुईच्या अशा मशीनचे पेटंट घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी उभी सरळ सुई आणि पायाने चालणारे पायडल यांची जोड देऊन मशीन घरात चालण्याजोगे केले.

पण ते घरात पोचले हप्त्यामुळे. सुरुवातीला सिंगरच्या मशीनची किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास होती आणि ती एकरकमी देणे साध्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. १८५६ पासून कंपनीने थोडे पैसे आधी, उरलेले महिन्याच्या महिन्याला, अशी विक्री सुरू केली. वापरणारी बाई मशीनवरच कमवायची आणि त्यातूनच मशीन फेडायची. कंपनीने आपल्या दुकानांत शिवण आणि भरतकाम शिकवले, मशीनवर भरलेली चित्रे मांडून ठेवली. नमुना टांगण्याची रीत इतकी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिंगरचा भारतातला व्यापार मुंबईतून, पारशी एजंट नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्या हातून पसरला. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समधून ‘उषा’ मशिने निघू लागली आणि लुधियाना हे देशी मशिनांचे व सुट्या भागांचे मोठे केंद्र झाले. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मधल्या एका संभाषणात शिलाई मशीनला आवर्जून अपवाद ठरवले. ते योग्यच होते. या यंत्राने घरातल्या बाईचे काम हिसकावले नाही, तिच्या हाताला दाम मिळवून दिला. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवण शिकवले ते याच जाणिवेने.

दुकानातला पहिला धडा दोऱ्याविना असतो. वहीचा रेघांचा कागद दाबपायाखाली ठेवायचा आणि रेघेवरून रिकामी सुई चालवायची. पायमशीनचे चाक शिवणाऱ्याच्या दिशेने फिरले पाहिजे, उलटे फिरले की दोरा गुंततो आणि तुटतो. नवशिक्या पायाला हे लवकर साधत नाही. टाच आणि चवडा आलटून पालटून, न थांबता, एका लयीत दाबावे लागतात आणि हाताने चाकाला नेमका पहिला झटका द्यावा लागतो. कागदावरची भोके रेघ सोडेनाशी झाली, वळणावर सुई खाली ठेवून कागद फिरवता येऊ लागला, की मग दोरा ओवला जातो आणि मांजरपाटाचा तुकडा हातात येतो.

दुरुस्तीचा कोपरा दुकानाच्या मागच्या अंगाला असतो. चांगला कारीगर मशीन उघडण्याआधी शिवलेला तुकडा मागतो, कारण दोष कापडावर लिहिलेला असतो. खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचा ताण सैल आहे किंवा दोरा चकत्यांमध्ये नीट बसलेला नाही. मध्येच टाका सुटत असेल तर सुई वाकली आहे, बोथट झाली आहे किंवा पुरती वर बसवलेली नाही. पातळ मलमलीला अकरा नंबरची सुई, रोजच्या सुती कापडाला चौदा, जाड कापडाला सोळा हे कारीगर गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा सांगतो. कित्येकदा मशीनला झालेले काहीच नसते. दात्यांखाली कापडाच्या कोंड्याचा दाबून बसलेला थर निघतो, तो काढून तेलाचे चार थेंब दिले की मशीन हलके चालू लागते. असे मशीन ‘बिघडले’ म्हणून पैसे न घेणारा कारीगर पंचक्रोशीत नाव काढतो.

या मशिनांवर घराघरांत जे शिवले जाते त्यात बाळाच्या कपड्यांइतका विचार दुसऱ्या कशातच नसेल. पहिले झबले नव्या कापडाचे नसते. आजोबांचे धोतर किंवा आजीचे सुती लुगडे धुऊन धुऊन मऊ झालेले असते, त्यातून ते बेततात. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे अंगाला टोचत नाही. गुंड्या टाळून बंद लावतात. कुंची हा त्याहून अवघड प्रकार. डोक्यावर टोपीसारखी बसणारी, मानेशी चुण्या घेतलेली आणि पुढे पाठभर उतरणारी. खणाचा पन्हा लहान, म्हणून काठ वाया जाऊ न देता तो चेहऱ्याभोवती येईल असे कापड वळवावे लागते. आतून मलमलीचे अस्तर, कडेला लेस, शेंड्याला गोंडा. बारशाला आलेली पाहुणी आधी बाळाला बघते आणि लगेच विचारते, कुंची कुणी शिवली?

अलीकडच्या काळातली या घरगुती शिलाईची मोठी कल्पकता म्हणजे शिवलेली नऊवारी. आठ मीटरहून लांब लुगडे नेसणे ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी पुढच्या निऱ्या टिपेने बसवायच्या, मागे काष्टा पक्का करायचा, कमरेला नाडी किंवा पट्टी द्यायची आणि पदर मोकळा सोडायचा. ऐकायला सोपे आहे. पण काठ पायाच्या कडेने नेमका उतरावा लागतो आणि एकदा कात्री चालली की साडी पुन्हा साडी होत नाही. म्हणून मुरलेली शिवणारी आधी कच्चा टाका घालून अंगावर बघते. तिला नऊवारी नेसता येत असतेच, त्याशिवाय ती बेतताच येत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, शाळांची स्नेहसंमेलने आणि लग्नसराई यांच्या आधी या कामाला उसंत नसते.

मशीनला सगळे जमते असे नाही. साड्यांचे थरावर थर घातलेली गोधडी दाबपायाखाली मावत नाही. तुकडे मशीनवर जोडले तरी आडवा-उभा धावदोरा हातानेच घालावा लागतो आणि गोधडीची खरी ऊब आणि देखणेपण त्या किंचित वाकड्या दोऱ्यातच आहे. ब्लाउजची हातशिलाई, साडीचा फॉल, चांगल्या सदऱ्याची काजे यांसाठीही अजून सुई बोटात धरली जाते.

आता बहुतेक मशिनांना मोटर लागली आहे. झिगझॅग, पिको आणि कॉम्प्युटरवर भरतकाम करणारी मशिने दुकानात पुढच्या बाजूला आली आहेत. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनांतून मिळालेली साधी मशिनेही दुरुस्तीला याच दुकानांत येतात. बायका येताना शिवलेले काही ना काही दाखवायला आणतात, कधी जुन्या पैठणीच्या काठाचे परकर-पोलके, कधी खणाची बटवी. त्यातले चांगले असेल ते दुकानदार मागून घेतो आणि शिवणारीचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून, टाचणीने लावून तारेवर टांगतो. पुढची ऑर्डर थेट तिच्याकडे जाते आणि मशीन, दोरा, सुया घ्यायला ती पुन्हा त्याच दुकानात येते.