भिंतीतला जावई

आमच्या पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर राखाडी पत्र्याचं एक दार आहे. पाहुण्यांना वाटतं, मीटर असेल. त्या दारामागे तो राहतो. दार उघडलं की आधी दिसतात वायरी. विंचरलेल्या, बांधलेल्या, प्रत्येकीच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. खाली रांगेत २४ रिले आणि कोपऱ्यात मिणमिणता हिरवा दिवा. बोलणं अगदी मोजकं. कुठलंही बटण दाबलं की आतून ‘टक्’ येतो, तेवढाच. गीझरच्या वेळी मात्र त्याचा जाडजूड कॉन्टॅक्टर ‘खाट्’ करून घसा खाकरतो.

आईनं त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. घरात बसून असतो, बोलत नाही, खर्चाला कमी नाही आणि कधी रुसेल त्याचा नेम नाही.

तो, म्हणजे आमचं होम ऑटोमेशन, आला चार वर्षांपूर्वी. आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती आणि नव्या फ्लॅटच्या भिंतींना अजून प्लास्टर लागायचं होतं. ‘आत्ताच काय ते ठरवा, नंतर भिंती फोडाव्या लागतील,’ असं सांगून बसवणाऱ्यांनी कोटेशन पुढे ठेवलं आणि लग्नाच्या याद्या कराव्यात तशा आम्ही बसलो. तीन बेडरूमच्या घराचे ४,२०,००० रुपये. साध्या मॉड्युलर बटणांत हेच घर ४०,००० मध्ये उजळलं असतं. वर दर वर्षी देखभालीच्या कराराचे १८,०००. धोंड्याचं वाण निदान तीन वर्षांनी द्यावं लागतं, हे वार्षिक. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर सहा लाख, म्हणजे दिवसाला १६४ रुपये. तेवढ्यात रोज दोन लिटर म्हशीचं दूध येऊन वर सुटे उरले असते. शिवाय कुणी काही लावो न लावो, जागं राहण्यासाठी तो अष्टौप्रहर ३० वॅट खातो. महिन्याची २२ युनिटं झाली.

घराणं मात्र जुनं. मूळ पुरुष १९७५ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला, नाव एक्स-टेन. तो घरातल्या विजेच्या तारेतूनच निरोप धाडायचा आणि त्याच तारेवर दुसरं एखादं उपकरण घरघरू लागलं की निरोप वाटेतच हरवायचे. पुढच्या पिढ्यांपैकी कुणी स्वतंत्र वायर घेतली, कुणी वाय-फाय किंवा झिगबीच्या बिनतारी वाटा धरल्या. त्यात काही अल्पायुषी निघाले. ३०० डॉलरला विकला जाणारा रिव्हॉल्व्ह नावाचा डबा अमेरिकेतल्या मालक कंपनीनं मे २०१६ मध्ये दुरूनच बंद केला. लोकांच्या हातात धडधाकट खोकं उरलं, पण त्यातला जीव गेला होता. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर न सांगतासवरता थांबले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन पुन्हा उभी केली. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा सात समुद्रापलीकडच्या पोपटात, तसा यांचा जीव परक्या सर्व्हरमध्ये.

आमच्या जावयाचा जीव त्याच्याच अंगात आहे, असं बसवणाऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते खरंही होतं. इंटरनेट गेलं तर फक्त मोबाइलवरून दिवे लागत नाहीत, भिंतीवरची बटणं चालतात. पण त्याचा एक पोपट होताच, आणि तो आम्हाला दोन वर्षांनी सापडला.

तशी जावयाची रुसण्याची वेळ ठरलेली, गुरुवार. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. सुरुवातीला तो इन्व्हर्टरवर नव्हता, त्यामुळे दिवे-पंख्यांना वीज मिळायची पण त्यांना हुकूम द्यायला कुणी शुद्धीवर नसायचं. मग त्यालाही इन्व्हर्टरवर घेतलं. तरी महावितरणकडून इन्व्हर्टरकडे जाताना पापणी लवेल एवढी जी फट पडते, तेवढ्यात त्याला भोवळ येते. मग तो उठतो, एकेक रिले तपासतो आणि कामाला लागतो.

दुसरी तऱ्हा त्याच्या बटणांची. त्यांच्यावर ‘वेलकम’, ‘मूव्ही’, ‘गुड नाइट’ असं कोरलेलं. एकदा कामाच्या मावशींनी पुसता पुसता ‘गुड नाइट’ दाबलं. सगळं घर टक्-टक् करत झोपी गेलं, गीझर ‘खाट्’ झाला आणि बाथरूममधून, साबणाच्या फेसातून, आईचा आवाज आला, “अरे, कुणाचा दिवस उजाडलाय आणि कुणाला निजवताय?”

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे काळं, गोल, खटक्याचं बटण असे. ते बिघडलं तर एक दिवा जायचा. जावई आजारी पडला की अख्खं घर अंथरूण धरतं. दोन वर्षांपूर्वी तसा पडला. हिरवा दिवा लाल झाला आणि कोणतंही बटण दाबलं तरी टक् येईना. चौकातले वायरमन काका आले. खिशातला टेस्टर काढला, पत्र्याचं दार उघडलं, रांगेतल्या वायरी बघितल्या आणि टेस्टर पुन्हा खिशात ठेवला. “साहेब, वायरिंग देखणं आहे. पण याला भाषा वेगळी लागते.”

ती भाषा येणारा मुलगा बसवणाऱ्यांकडची नोकरी सोडून गेला होता. कोणतं बटण कोणत्या रिलेला काय सांगतं ती सगळी कुंडली, म्हणजे प्रोजेक्ट फाइल, त्याच्या लॅपटॉपमध्ये. फाइल नसेल तर सगळं नव्यानं लिहायचं, ४०,००० रुपये. तोच आमचा पोपट. चार दिवस आम्ही टेबललॅम्पच्या उजेडात जेवलो. पाचव्या दिवशी तो मुलगा स्वतःहून आला, अर्ध्या तासात जावयाला उभं केलं आणि माझ्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला. “काका, ही फाइल मागूनच घ्यायची असते.” आता तो पेन ड्राइव्ह बँकेच्या लॉकरमध्ये आहे, फ्लॅटच्या इंडेक्स टूच्या शेजारी. जावई विश्वासू आहे की नाही हे मी तेव्हापासून विचारत नाही. त्याला ओळखणारी माणसं किती, एवढंच मोजतो.

वायरमन काकांनी मात्र एक उपाय केला. बाथरूमचा दिवा आणि आईची खोली त्यांनी जावयाच्या हातून काढून घेतली आणि साध्या बटणांवर टाकली. ३,२०० रुपयांत. नवं घर बांधणारे विचारायला येतात, त्यांना मी हेच आधी सांगतो. जिथे अंधार परवडत नाही तिथे साधं बटण. उरलेल्या घरात हौस.

तरी एका कामात जावयानं आजवर दगा दिलेला नाही. चार दिवसांचं ते आजारपण सोडलं तर रात्री आई उठून पॅसेजमध्ये आली की छताजवळचा सेन्सर तिला ओळखतो आणि खालच्या कडेचा मंद दिवा लागतो. भिंत चाचपावी लागत नाही. तिचं वय ८१. एका कंबरेच्या हाडाला किती पैसे पडतात, हा हिशेब १६४ च्या समोर मांडायचं धाडस मी केलेलं नाही. बायको म्हणते, तेवढ्यासाठी ६०० रुपयांचा सेन्सरवाला दिवा चालला असता. तेही खरंच.

परवाच्या गुरुवारी वीज गेली. नेहमीप्रमाणे भोवळ आली, शुद्ध आली, तपासणी सुरू झाली. आई तांदूळ निवडत बसली होती. मी पेपर खाली ठेवला, बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली, मावशींचा झाडू थांबला. टक्, टक्, टक्. आम्ही कुणी कुणाकडे बघत नव्हतो आणि सगळेच मनातल्या मनात मोजत होतो. तेविसाव्यानंतर तो जरा रेंगाळला. मग चोविसावा आला आणि आईनं सूप पुन्हा हलवलं.