वही दुसऱ्यानं तपासावी

हिशेबाच्या कामात आयुष्य गेलं. आधी नोकरीत, मग वर्ध्याच्या आमच्या चर्चचा खजिनदार म्हणून. या कामाचा पहिला नियम असा, की ज्यानं वही लिहिली त्यानं ती तपासायची नाही. उपासना संपली की अर्पण मोजायला दोघं बसतात. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, दशांशाची पाकिटं वेगळी. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय रक्कम वहीत चढत नाही. वर्षअखेर सगळं लेखापरीक्षकाकडे जातं आणि मग वार्षिक सभेपुढे. यात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र मी वेगळा कायदा चालवत होतो. प्रभुभोजनाला येण्याआधी प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी, असं पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं आहे. आमच्या उपासनेत त्यासाठी कबुलीची प्रार्थना असते आणि पाळकसाहेब क्षणभर थांबतात. त्या क्षणी माझ्या मनात ठरलेली यादी सरकायची: राग आला, प्रार्थना चुकली, कुणाबद्दल वाईट बोललो. ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत मटण बंद, पहाटे उठून बायबलवाचन. ईस्टरला मन हलकं व्हायचं आणि जून उजाडेपर्यंत सगळं पूर्ववत. यादी खोटी नव्हती. पण ती बनवणारा मी, तपासणारा मी आणि माफ करून मोकळा होणाराही बहुतेक मीच.

आमच्या वर्ध्यातच हिशेबातला एक मोठा ख्रिस्ती माणूस राहून गेला, जे. सी. कुमारप्पा. लहानपणी वडिलांबरोबर मगनवाडीत जायचो तेव्हा ते नाव कानावर पडायचं, इतकंच. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्म, लंडनला हिशेबतपासनीसाचं शिक्षण, मुंबईत व्यवसाय, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास. गांधीजींच्या सहवासात आले आणि कोटपाटलोण सोडून खादीत शिरले. १९३४च्या अखेरीला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं काम त्यांनी वर्ध्यातल्या याच मगनवाडीतून चालवलं. त्याच वर्षी बिहारच्या भूकंपात मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजी आपल्या माणसांसह तिथं आले, तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून मिळणार नाही, असं कुमारप्पांनी सांगून टाकलं. पैसा भूकंपग्रस्तांचा, मग पाहुणा कुणी का असेना.

१९४२च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलं. १९४५ साली ते आलं, प्रस्तावना गांधीजींची. निवृत्तीनंतर ते हाती लागलं आणि मी ते अडखळत वाचलं. त्यातून मी उचललं ते एवढंच: प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, तर ती कुणाच्या कष्टातून येते हेही बघावं लागतं. भक्ती रविवारी आणि बाजारहाट सोमवारी, अशी वाटणी येशूच्या शिकवणीत बसत नाही. आमच्या कापणीच्या सणाला वेदीपुढे तूर, गहू, वांगी, संत्री, कोहळे मांडतात. मग हर्रास होतो. साध्या भोपळ्याची बोली चढत जाते, टाळ्या पडतात, पैसा देवाच्या कामाला जातो. तीच आम्ही माणसं आठवडी बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करतो. हे मी दरवर्षी पाहत होतो. पुस्तकानंतर ते खुपायला लागलं.

मग हिशेबनिसाला सुचलं तेच केलं, वही घातली. एका बाजूला मिळकत आणि खर्च, दुसऱ्या बाजूला वेळ. पैसा कुठं गेला, संध्याकाळ कुठं गेली, त्यातलं काय स्वतःसाठी आणि काय दुसऱ्यासाठी. पुढच्या लेंटमध्ये वही बरी दिसायला लागली. दशांश पुरा, एका मुलाची फी, सेवाग्रामच्या दवाखान्यात ओळखीच्या रोग्याला नेऊन आणणं. वही बघून समाधान वाटलं आणि तिथंच शंका आली. ज्या वहीत फक्त जमाच दिसते, तिच्याकडे मुरलेला लेखापरीक्षक दोनदा बघतो.

आमच्या चर्चचे एक पंच रेल्वेतून निवृत्त झालेले. बोलायला रोखठोक, म्हणून मी त्यांना जरा टाळूनच असायचो. त्यांच्याकडेच वही घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, आकड्यांकडे फारसं पाहिलंच नाही.

‘‘भाऊ, हे तं ठीक आहे. पण तुमच्या घरी भांडे घासाले बाई येते ना?’’

‘‘येते.’’

‘‘रविवारी किती वाजता येते?’’

सातला येते. आम्हाला वेळेवर चर्चला पोचता यावं म्हणून इतर दिवसांपेक्षा लवकर. शब्बाथाच्या आज्ञेत घरच्या चाकरमाणसांनाही विसावा सांगितला आहे. ती आज्ञा मी रविवारच्या शाळेत पाठ करून बक्षीस घेतलं होतं. त्या बाईचा रविवार माझ्या एकाही रकान्यात नव्हता, कारण तिथं रकाना हवा हे मला सुचणं शक्यच नव्हतं. माझी नजर जिथं पोचत नाही तिथली नोंद माझ्या वहीत कुठून येणार?

घरी येऊन सांगितलं, बाईला रविवारची पगारी सुटी. सौ. म्हणाली, ‘‘म्हणजे सुटी तुम्ही देणार आणि भांडी मी घासणार?’’ हा दुसरा लेखापरीक्षक, घरचाच. तेव्हापासून शनिवारच्या रात्रीची आणि रविवारची भांडी माझ्याकडे आहेत. कढईचा तळ माझ्याकडून अजून नीट निघत नाही, तेही ती दाखवून देते.

पंचांची आणि माझी बैठक आता दर महिन्याला असते. चहा, एक प्रार्थना, मग एकमेकांची झडती. मीही त्यांना विचारतो. एका प्रश्नावर ते रागावून उठून गेले होते, पुढच्या रविवारी दारातच म्हणाले, ‘‘बसू या आज.’’ काय ठरलं ते आमच्या दोघांतलं.

एकांतातल्या प्रार्थनेचं मोल मी कमी करत नाही, देवापुढे शेवटी एकट्यानंच उभं राहायचं असतं. पण तिथवर जाताना मंडळी कशाला लागते, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं आहे. गाणी घरीही म्हणता येतात, प्रवचन मोबाइलवरही ऐकता येतं. माझी वही उघडून ‘भाऊ, इथं काय?’ असं विचारायचा ज्याला हक्क आहे, तो माणूस मात्र मला चर्चमध्येच भेटला. चर्चच्या हिशेबाला लेखापरीक्षक नेमला म्हणून खजिनदार रुसत नाही. सभासदानं तरी का रुसावं?