मज्जापेशीचें दार

आंबट म्हटलें कीं आपल्याला चिंच, कैरी, फार तर आंबलेलें ताक आठवतें. आंबटपणा ही जिभेची मिरास, अशीच आपली समजूत. पण जिला जीभ नाहीं, देहहि नाहीं, अशी काचेच्या तबकडींत वाढविलेली एकटी मज्जापेशी आम्ल ओळखते, हें वाचल्यापासून मला या विषयाचा नादच लागला आहे.

१९८० सालीं कीव्ह येथील क्रिष्टाल व पिडोप्लिच्को यांनीं मज्जापेशीभोंवतालचें द्रव एकाएकीं आम्ल केलें, तेव्हां पेशींत क्षणभर विद्युत्प्रवाह शिरला. तिच्या आवरणांत आम्लाच्या हांकेला उघडणारीं दारें असतात. तीं उघडलीं कीं बाहेरचें सोडियम आंत घुसतें. १९९७ मध्यें फ्रान्समधील वाल्डमान, लाझडुन्स्की प्रभृतींनीं अशा एका दाराची घडण जनुकावरून उलगडली. नांव ठेवलें 'आम्लसंवेदी आयनमार्ग'! या बारशाला कोणी आत्याबाई नसावी.

माझी जिज्ञासा मात्र निव्वळ शास्त्राची नव्हे. माझ्या वडिलांना घरांतल्या सात पिढ्यांचीं नांवें मुखोद्गत होतीं. एका पहांटे त्यांना अर्धांगाचा झटका आला. झटका रात्रीं केव्हां आला कोण जाणे. गुठळी विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि शहराचें रुग्णालय आमच्या गांवाहून तीन तासांवर. पुढें पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवून ते नुसते बघत राहात. 'पाणी' हा शब्द कांहीं सांपडत नसे.

त्या रात्रीं मेंदूंत काय झालें असेल, हें मला तबकडींतल्या पेशींनीं सांगितलें. रक्ताचा सामू एरव्हीं ७.४ च्या आसपास असतो. रक्त अडलें कीं प्राणवायूवांचून साखर जळते, लॅक्टिक आम्ल सांचतें, आणि सामू ६.५ किंवा त्याहूनहि खालीं जातो. मग तीं दारें उघडतात, आणि त्यांतल्या एका जातींतून कॅल्शियमहि आंत शिरतें. २००४ सालीं पोर्टलंडच्या संशोधकांनीं उंदराच्या मेंदूंतील पेशी तासभर सामू ६ च्या द्रवांत ठेवल्या, तेव्हां पुष्कळ पेशींची हानि झाली. एका केसाळ कोळ्याच्या विषानें तें दार अडवितांच बऱ्याच वांचल्या.

चमत्कार असा कीं, हें दार जन्मतःच नसलेले उंदीर २००२ च्या प्रयोगांत शिकण्यांत मंद आढळले होते. म्हणजे धडधाकट मेंदूंत तेंच स्मरणाच्या कामीं येत असावें. स्मृतीच्या चाकरानेंच स्मृतीचा घात करावा, हें मला अद्याप पचत नाहीं.

२०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतल्या आणखी एका कोळ्याच्या विषांतील द्रव्य उंदरांना झटक्यानंतर आठ तासांनीं दिलें, तरीहि मेंदूची हानि कमी झाली. माणसांच्या रुग्णालयांत तें अजून रूढ झालेलें नाहीं. पण आठ तास हा आंकडा वाचतांच मीं आमचा रस्ता मनांत मोजला. पावसाळ्यांतला घाट नि नदीवरचा खोळंबा धरूनहि तो आठ तासांत बसतो.