दृष्टिहीन मुलांना प्रथमोपचार शिकवताना



प्रथमोपचाराचा तास बहुतेक शाळांत तक्त्यावरच होतो. "हे बघा, हात असा ठेवायचा, इथे दाबायचं." यातलं 'असा' आणि 'इथे' दृष्टिहीन मुलापर्यंत पोहोचतच नाही. मग आपणच ठरवून टाकतो की हे त्याला जमणार नाही.

आमच्या तारकर्लीत हा विषय पुस्तकापुरता नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. मे २०२२ मध्ये इथे पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. आणि पाणीच कशाला, घरात कुणी कोसळलं तर त्या वेळी शेजारी कोण असेल, हे काय आपण ठरवतो?

सातवीतल्या आमच्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या आजीने मला सरळच विचारलं, "बाई, ह्याका दिसना नाय, ह्यो कोणाक काय वाचवतलो?"

मी त्यांना म्हटलं, आजी, सीपीआरमध्ये बघायचं असतं तरी किती? खांद्यावर थोपटून हाक मारायची. आपला गाल त्या माणसाच्या नाकातोंडाजवळ, तळहात छातीवर, आणि दहा सेकंद थांबायचं. श्वास गालाला लागतो, छाती हाताखाली हलते. अधूनमधून घोरल्यासारखा आचका येत असेल तर तो श्वास नव्हे, आणि ते ओळखायला कान लागतात. मग गळ्याच्या खळगीपासून छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपत खाली यायचं. त्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे. मोठ्यांची तीन बोटं आडवी धरली की साधारण अंदाज येतो. वेग मिनिटाला १०० ते १२०. आमची पोरं भजनात वाढलेली, लय चुकली की त्यांना लगेच कळतं. अहमदाबादच्या अंधजन मंडळात दृष्टिहीन तरुण फिजिओथेरपी शिकतात. हाताला शरीर कळतं, यात नवल काहीच नाही.

सराव मात्र जिवंत माणसाच्या छातीवर कधीच नाही. आम्ही काथ्या भरलेलं पोतं वापरतो. आधी त्याचे हात माझ्या हातांवर, मग माझे त्याच्या हातांवर. हात धरण्याआधी त्याला विचारायचं, हे पालकांनीही लक्षात ठेवा. प्रत्येक कृती शब्दांत सांगावी लागली, तेव्हा एक गंमत झाली: डोळस मुलांचेही हात नीट पडू लागले. तक्ता बघून तीही अंदाजानेच दाबत होती!

बुडालेल्याच्या बाबतीत आमच्याकडे एक जुनी सवय आहे. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढायचं. यात मोलाची मिनिटं जातात. बुडालेल्याला श्वास हवा असतो, म्हणून शिकलेला माणूस आधी तोंडाने श्वास देतो, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवतो. पाण्यात उडी मात्र कुणीच घ्यायची नाही, डोळसानेही नाही. आरडाओरड करायची, दोरी किंवा रिकामा कॅन फेकायचा.

१०८ ला फोन करायचा सराव घेतला तेव्हा हाच मुलगा सगळ्यांत पुढे. फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला, हात मोकळे. पत्ता सांगताना बाकीची मुलं "ते झाड आहे ना, तिथे" म्हणत होती. ह्याने देऊळ, त्यापुढचं वळण, उतार, सगळं क्रमाने सांगितलं. रोज पायांनी मोजलेला रस्ता तो.

अवघड काय आहे तेही सांगते. तुटलेली वीजतार, फुटलेली काच त्याला कळणार नाही. म्हणून पहिलं वाक्य पाठ करून घेतलंय: "इथे कोण आहे? आजूबाजूला काय पडलंय ते मला सांगा." रक्तस्राव शोधायला हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून डोक्यापासून खाली चाचपायचं, पण ओल घामाची की रक्ताची, हे पिशवीतून पटकन समजत नाही. त्यावर सध्या कोमट पाणी आणि घट्ट गूळपाणी घेऊन सराव चालू आहे. चिकटपणा बोटांना कळतो, पिशवीतूनसुद्धा, पण वेळ लागतो. तुमच्या शाळेत याहून बरी युक्ती कुणी वापरत असेल तर जरूर कळवा.